सिंहाची कथा कोणाची? सारखेपणा, उसनवारी आणि श्रेय

जून १९९४ मध्ये डिस्ने कंपनीचा ‘द लायन किंग’ हा अॅनिमेशनपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. बापाला मुकलेला सिंहाचा छावा मोठा होऊन आपले राज्य परत मिळवतो, ही त्याची कथा. तो पाहताना जपानमधल्या अनेकांना आपल्या ओळखीचा एक जुना सिंह आठवला. ओसामु तेझुका या चित्रकाराने १९५० ते १९५४ या काळात एक चित्रकथा क्रमशः प्रसिद्ध केली होती. तिच्या जपानी नावाचा अर्थ ‘जंगलाचा सम्राट’ असा होतो. पुढे १९६५ मध्ये तेझुका यांच्याच मुशी प्रॉडक्शनने तिच्यावर ५२ भागांची रंगीत मालिका काढली. मूळ कथेतल्या पांढऱ्या सिंहाचे नाव लिओ. अमेरिकेत १९६६ पासून ही मालिका दाखवली गेली तेव्हा त्याचा किंबा झाला. म्हणजे ‘द लायन किंग’मधला सिंबा पडद्यावर येण्याच्या २८ वर्षे आधीपासून अमेरिकेतील मुले किंबाला ओळखत होती.

या दोन सिंहांवरून सुरू झालेला वाद अॅनिमेशनच्या इतिहासातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध श्रेयवाद आहे. दोन कथा सारख्या का होतात, उसनवारी कुठे सुरू होते आणि मूळ कर्त्याचे नाव घेणे का महत्त्वाचे आहे, हे तिन्ही प्रश्न या एका उदाहरणात एकत्र येतात.

दोन सिंह शेजारी शेजारी

सारखेपणा वरवरचा नाही. दोन्हीकडे नायक हा राजाचा छावा आहे. दोन्हीकडे डोळ्यावर व्रण असलेला दुष्ट सिंह आहे आणि त्याच्या पदरी तरस आहेत. दोन्हीकडे बडबड्या पक्षी आहे: किंबाकडे पोपट, सिंबाकडे धनेश. शहाणपण सांगणारे म्हातारे माकडही दोन्हीकडे आहे. उंच कड्यावर उभा राहून प्रदेश न्याहाळणारा सिंह दोन्हीकडे दिसतो. हरवलेल्या जन्मदात्याचे रूप आकाशात दिसण्याचा प्रसंगही दोन्हीकडे आहे. समुद्र पोहून जाणाऱ्या किंबाला ताऱ्यांमध्ये आई दिसते, सिंबाला ढगांमध्ये वडील दिसतात.

आता फरक पाहू. किंबाच्या वडिलांना शिकारी माणूस मारतो आणि गाभण आईला पकडून जहाजावर चढवले जाते. छावा जहाजावरच जन्मतो आणि पोहत आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागतो. पुढे तो माणसाची भाषा शिकतो, प्राण्यांना शेती करायला लावतो आणि मांसाहारी व शाकाहारी प्राण्यांनी एकत्र कसे जगायचे या प्रश्नाशी झगडतो. मूळ चित्रकथेच्या शेवटी हिमवादळात सापडलेल्या एका माणसाचा जीव वाचावा म्हणून लिओ स्वतःचा देह देतो. ‘द लायन किंग’मध्ये माणूस एकदाही दिसत नाही. तिथे काका भावाचा खून करतो आणि पुतण्याला परागंदा करतो. हा सांगाडा शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा आहे, आणि ते ऋण चित्रपटाच्या कर्त्यांनी उघडपणे मान्य केले आहे. थोडक्यात, कथानकाचा कणा वेगळा आहे. पात्रांची मांडणी आणि काही दृश्ये मात्र विलक्षण जवळची आहेत.

असे साम्य तपासताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे नावाचे साम्य. ‘सिंबा’ हा स्वाहिली भाषेत सिंहासाठी असलेला रोजचा शब्द आहे, त्यामुळे आफ्रिकेतल्या सिंहाला ते नाव देण्यासाठी किंबा ठाऊक असण्याची गरज नव्हती. दुसरी गोष्ट कालक्रमाची. दोन्ही सिंहांची जी चित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवली जातात, त्यांतली काही १९९७ च्या जपानी चित्रपटातली आहेत. तो ‘द लायन किंग’नंतर तीन वर्षांनी आला. कोणते चित्र कोणत्या साली काढले गेले हे पाहिल्याशिवाय कोणाला चोर म्हणणे अन्यायाचे ठरते.

जपानी चित्रकारांची मागणी

१९९४ मध्ये माचिको सातोनाका या चित्रकथाकार बाईंनी डिस्ने कंपनीला जाहीर पत्र लिहिले. त्यावर शेकडो सह्या होत्या. तेझुका १९८९ मध्येच वारले होते, त्यामुळे ही तक्रार त्यांच्या वतीने इतरांनी मांडलेली होती. तेझुका यांच्या कामाचा कुठेतरी उल्लेख व्हावा, ही त्या पत्रामागची भावना होती. डिस्नेने उसनवारी नाकारली. तेझुका यांच्या कंपनीनेही खटला भरला नाही. साम्य योगायोगाचे की नकळत रुजलेल्या आठवणीचे, याचा निवाडा त्यामुळे कोणत्याही न्यायालयात झालेला नाही. ज्या कामावर एक पिढी वाढली त्याचे नाव कोणी घेतले नाही याचे दुःख मात्र खरे होते, आणि ते समजून घ्यायला निकालाची गरज नाही.

एका हरणाची दोन पिले

ही गोष्ट एकाच दिशेने जात नाही. स्वतः तेझुका डिस्नेचे निस्सीम चाहते होते. १९४२ चा ‘बॅम्बी’ हा हरणाच्या पाडसाचा चित्रपट युद्धानंतर जपानमध्ये आला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘बॅम्बी’ आणि ‘पिनोकिओ’ यांची चित्रकथारूपेही काढली. जपानी चित्रकथांची खूण मानले जाणारे मोठे डोळे तेझुका यांच्याकडे आले ते बरेचसे अमेरिकी कार्टूनमधून. आपल्यावरचा हा प्रभाव त्यांनी कधी लपवला नाही. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची वॉल्ट डिस्ने यांच्याशी भेट झाली. ‘बॅम्बी’चीही स्वतःची वंशावळ आहे: त्याचे मूळ फेलिक्स साल्टेन यांच्या १९२३ च्या कादंबरीत सापडते.

‘बॅम्बी’ची दुसरी वाट मुंबईला आली. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या फिल्ममध्ये काड्या हलवून दाखवल्या होत्या, पण शिस्तीने शिकवलेले अॅनिमेशन आपल्याकडे रुजले ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. १९५६ मध्ये तिथे क्लेअर वीक्स हे डिस्नेचे चित्रकार शिकवायला आले. त्यांनी ‘बॅम्बी’वर काम केलेले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ हा लघुपट तयार झाला. कथा जातकातली, हरणाचीच. त्या विभागात जे तरुण हात शिकले त्यांत राम मोहन होते. पुढे युनिसेफच्या ‘मीना’ या मालिकेमुळे त्यांचे काम दक्षिण आशियातल्या घराघरांत पोहोचले, आणि २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

‘बॅम्बी’पासून निघालेल्या या दोन वाटा एका भारतीय कथेवर येऊन भेटल्या. जपानी निर्माते युगो साको १९८० च्या दशकात रामायणाशी संबंधित उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले आणि या कथेने भारावून गेले. रामायणाचा पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट करण्याची त्यांची कल्पना ऐकून आपल्याकडे काहींनी हरकत घेतली, कारण देवादिकांना कार्टून करणे त्यांना रुचले नाही. अखेर बरेचसे काम जपानमध्ये झाले. १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’चे दिग्दर्शक म्हणून युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन अशी तीन नावे लागली. संगीत वनराज भाटिया यांचे होते. संस्कृत गीते मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या वसंत देव यांनी लिहिली. धोतराच्या निऱ्या, नमस्काराची ढब, राजसभेतली बैठक हे बारकावे जपानी चित्रकारांनी भारतीय सहकाऱ्यांकडून समजून घ्यायचे होते आणि मग कागदावर उतरवायचे होते. अशा कामात ज्ञान एकाचे आणि रेषा दुसऱ्याची असते. दोघांची नावे एका पाटीवर आली, हे या चित्रपटाचे मोठेपण आहे. पुढे अमेरिकेसाठी केलेल्या आवृत्तीत निवेदनाला आवाज मिळाला जेम्स अर्ल जोन्स यांचा, म्हणजे ‘द लायन किंग’मध्ये सिंबाच्या वडिलांना मिळालेलाच आवाज. २०२५ च्या जानेवारीत हा चित्रपट भारतात पुन्हा चित्रपटगृहांत लागला.

एक बी, अनेक झाडे

सारख्या कथांमागे पुष्कळदा तिसरीच कथा असते. जपानच्या ‘नादिया’ या १९९० च्या मालिकेत आणि डिस्नेच्या २००१ च्या ‘अटलांटिस’मध्ये गळ्यात निळा स्फटिक घातलेली मुलगी आहे, चष्मा लावणारा अभ्यासू तरुण आहे आणि समुद्राखालचा प्रवास आहे. इथेही उसनवारीचा आरोप झाला. पण पाणबुडीतल्या अद्भुत प्रवासाची वाट ज्यूल व्हर्न यांनी १८७० मध्येच घालून दिली होती, आणि बुडालेल्या अटलांटिसची कथा तर प्लेटोपर्यंत मागे जाते. डिस्नेची ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) आणि हायाओ मियाझाकी यांची ‘पोन्यो’ (२००८) या दोन्हींच्या मागे हान्स अँडरसन यांची १८३७ ची जलपरी उभी आहे. तरी एकीत तरुण राजकन्येचे प्रेम आहे आणि दुसरीत पाच वर्षांच्या मुलाशी गट्टी जमवणारी मासोळी. मूळ एक असूनही दोन्ही कृती पूर्णपणे आपापल्या कर्त्यांच्या झाल्या आहेत.

प्राण्यांच्या दरबाराची कथा तर भारतीय वाचकाला फारच जवळची. पंचतंत्रात पिंगलक नावाचा सिंह राजा आहे, त्याच्या भोवती करटक आणि दमनक हे कोल्हे आहेत, आणि कानभरणीमुळे राज्यात अनर्थ होतो. हा ग्रंथ पहलवीतून आठव्या शतकात अरबीत गेला आणि तिथून युरोपात पोचला. फ्रेंच कवी ला फाँतेन यांनी १६७८ मध्ये आपल्या नीतिकथांचा दुसरा संग्रह काढला, तेव्हा त्यातला मोठा भाग आपण पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञानी पुरुषाकडून घेतल्याचे प्रस्तावनेत कृतज्ञतेने नोंदवले. तसे करायला त्यांना कोणताही कायदा भाग पाडत नव्हता. त्या एका वाक्याने ला फाँतेन यांची थोरवी कमी झाली नाही, आणि कथेचा भारतापासूनचा प्रवास मात्र पुढच्या अभ्यासकांना सापडला.

कायद्याची रेघ

कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही. कल्पना ज्या विशिष्ट रूपात मांडली गेली त्या रूपाला देतो. भारतात याचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. आर. जी. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक १९५४ मध्ये रंगभूमीवर आले होते, आणि १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट त्यावरून उचलला असा त्यांचा दावा होता. प्रांतभेद आणि त्याच्या आड येणारे प्रेम हा विषय दोन्हीकडे होता. विषय कोणाच्याही मालकीचा नसतो, असे न्यायालयाने ठरवले. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाची ‘ही त्याचीच नक्कल’ अशी निःसंशय खात्री झाली तरच उल्लंघन होते, ही कसोटीही घालून दिली. आनंद हरले.

हक्क विकला म्हणून नाव विकले जात नाही, हेही आपला कायदा सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, हक्क दुसऱ्याला दिल्यावरही आपण कर्ते आहोत हे सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो.

जपानी कथांच्या बाबतीत या रेघेच्या दोन्ही बाजू दिसल्या आहेत. अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराय’वरून (१९५४) अमेरिकेत १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ झाला, आणि मूळ जपानी चित्रपटाचे नाव त्याच्या श्रेयनामावलीत आले. कुरोसावांच्याच ‘योजिम्बो’वरून (१९६१) इटलीच्या सर्जिओ लिओने यांनी ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला तो परवानगी न घेता. प्रकरण कायदेशीर दाव्यापर्यंत गेले आणि तडजोडीत उत्पन्नाचा वाटा द्यावा लागला.

‘द लायन किंग’शीच जोडलेले आणखी एक प्रकरण आहे, आणि श्रेय हरवले की काय होते ते त्यात फार स्पष्ट दिसते. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘म्बुबे’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. ‘म्बुबे’ म्हणजे सिंह. हक्काच्या बदल्यात त्यांना अगदी नगण्य रक्कम मिळाली. पुढे अमेरिकी गायकांनी त्यावरून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे जगभर गाजलेले गीत केले. लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारले. तेच गीत ‘द लायन किंग’मध्ये आले. लिंडा यांच्या मुलींनी दाद मागितली, २००४ मध्ये खटला दाखल झाला आणि २००६ मध्ये तडजोड झाली. तीत कुटुंबाला मोबदला मिळाला आणि लिंडा यांना सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली. इथे मूळ ध्वनिमुद्रिका हाताशी होती आणि चाल सुरागणिक ताडून पाहता येत होती. तरीही नाव परत यायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

प्रवरेच्या काठची रीत

ऋण नोंदण्याची रीत मराठीत या कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तिच्या खुणा प्रवरा नदीच्या काठाने सापडतात. अहिल्यानगर जिल्ह्यातले बेलापूर याच प्रवरेच्या काठी वसले आहे. प्रवाहाबरोबर खाली गेले की नेवासे लागते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली. ग्रंथाच्या अखेरीस काळ, ठिकाण आणि कर्ता यांची नोंद आहे, आणि त्याच ठिकाणी ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचेही नाव आहे. मूळ गीता व्यासांची, कृपा गुरू निवृत्तिनाथांची, वाट आधीच्या भाष्यकारांची आणि लेखणी सच्चिदानंदबाबांची: हे सारे ऋण एका ग्रंथात नोंदलेले आहे.

पुढे प्रवरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी पैठणला जाते. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी त्यात आपली ओवी घातली नाही, आणि पुढच्यांनाही तसे न करण्याची ताकीद दिली. दुसऱ्याच्या कामाला आपले नाव न लावणे आणि दुसऱ्याच्या नावाखाली आपले काम न घुसवणे, ही श्रेयाची दोन्ही पथ्ये त्यात पाळली गेली.

बेलापूर ज्या श्रीरामपूर तालुक्यात आहे, त्याला लागून असलेल्या राहुरी तालुक्यात ताहाराबाद आहे. तिथल्या महिपतींनी (१७१५–१७९०) १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण केला. महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या संतकथांपैकी कितीतरी घरोघरी पोचल्या त्या याच ग्रंथातून. या कथा आपल्या पदरच्या नाहीत, हे महिपती ग्रंथाच्या आरंभीच सांगतात आणि उत्तरेकडचे नाभाजी व दक्षिणेकडचे उद्धवचिद्घन या दोन पूर्वसूरींची नावे घेतात. आजच्या चित्रपटात सुरुवातीला ‘अमुक कथेवर आधारित’ अशी पाटी येते, तिचेच हे ओवीबद्ध रूप म्हणता येईल.

नाव हरवल्याचा तोटाही मराठीला ठाऊक आहे. अभंगाच्या शेवटची नाममुद्रा म्हणजे कर्त्याची सहीच. तरीही संत नामदेव आणि नंतरच्या काळातले विष्णुदास नामा यांच्या रचना एकमेकींत मिसळल्या, आणि कोणती कोणाची हे सोडवताना अभ्यासकांना फार कष्ट पडले. उलट, १८८३ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले तेव्हा ‘विकारविलसित’ या शीर्षकालाच जोडून ते शेक्सपिअरकृत नाटकाचे भाषांतर असल्याचे छापले. सिंबाची कथा ज्या नाटकावर उभी आहे, ते मराठीत पहिल्या पानापासून आपले कूळ सांगत आले.

रेषा ओढणारे हात

अॅनिमेशनमध्ये श्रेयाचा प्रश्न कथेपाशी संपत नाही. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एकच चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. सिंहाने मान वळवली तर वळण्याआधीची आणि नंतरची मुख्य चित्रे एक जण काढतो. मधली सगळी चित्रे दुसरेच कोणी भरतात. रंगवणारे हात आणखी वेगळे असतात. डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी शाई आणि रंग भरणाऱ्या स्त्रियांची नावे पडद्यावर आली नाहीत. १९४१ मध्ये डिस्नेच्या चित्रकारांनी संप केला, तेव्हा पगाराबरोबर पडद्यावर नाव न येणे हीदेखील त्यांची एक तक्रार होती. नेवाशाला तेराव्या शतकात लिहून घेणाऱ्याचे नाव ग्रंथात आले होते. ‘स्नो व्हाइट’मध्ये रंग भरणाऱ्या हातांना तो मान मिळाला नाही.

श्रेय कसे लिहावे

नात्यानुसार शब्द बदलतो, आणि तो नेमका वापरला पाहिजे. मूळ मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या भाषेत आणला तर तो ‘अनुवाद’. कथा तीच ठेवून स्थळ, काळ, माणसे बदलली किंवा माध्यम बदलले तर ‘रूपांतर’. कथानकाचा मुख्य भाग घेतला आणि बाकीचे नवे रचले तर ‘वर आधारित’. फक्त ठिणगी घेतली असेल तर ‘प्रेरणा’. रूपांतराला ‘प्रेरणा’ म्हणणे म्हणजे मूळ कर्त्याचा वाटा लपवणे. अजून हक्कात असलेल्या कृतीसाठी नाव देणे पुरेसे नसते, परवानगीही लागते. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तो संपल्यावर परवानगीची गरज उरत नाही. नाव घेण्याचे कर्तव्य उरते.

बेलापूरसारख्या गावातल्या शाळेने स्नेहसंमेलनात पंचतंत्रातली किंवा एखाद्या जपानी चित्रपटातली गोष्ट नाटुकल्यात बसवली, तरी नाव घेण्याचा हाच नियम लागू होतो. निवेदनात मूळ कथा, रूपांतर करणारे शिक्षक, दिग्दर्शन आणि मुखवटे रंगवणारी मुले, अशी चार नावे घेता येतात. त्याला अर्धे मिनिट लागते. आधार ठाऊक असेल तर तो आधीच सांगावा. साम्य नंतर कोणी दाखवून दिले, तर पुढच्या प्रयोगात किंवा पुढच्या आवृत्तीत ती ओळ जोडावी.